१२,३४,५६,७८९ : कोणते गुणधर्म संख्येचे, कोणते तिच्या लिखाणाचे?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही दारव्हा तालुक्यातल्या. मुलगी आठवीत आहे आणि शाळेने तिला "एक मोठी पूर्ण संख्या निवडा व तिचे गुणधर्म लिहा" असा प्रकल्प दिलाय. तिने १२,३४,५६,७८९ घेतली. मोबाईलवर शोधल्यावर वीस-पंचवीस नावांची यादी निघाली : विषम आहे, संयुक्त आहे, न्यून आहे, 'दुष्ट' आहे, हर्षद नाही, वर्ग नाही, आणखी बरंच काही. खाली ३ × ३ × ३६०७ × ३८०३ असे अवयव. ही सगळी यादी वहीत उतरवू द्यायची का, आणि सरांनी "हे अवयव आणले कुठून" असं विचारलं तर पोरीने काय सांगायचं, हे तुम्हाला हवंय.

मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात एकतीस वर्षं गणित शिकवलं. सुरुवातीची काही वर्षं अशा याद्या मी स्वतःच मुलांकडून पाठ करून घेत असे. एका चाचणीत मी याच संख्येचे शेवटचे दोन अंक उलटे करून १२,३४,५६,७९८ दिली. निम्म्या वर्गाने जुनेच अवयव लिहिले. समोर सम संख्या दिसत असूनही "विषम" लिहिलं. चूक मुलांची नव्हती. गुणधर्म कुठून येतो हे मी त्यांना कधी दाखवलंच नव्हतं. तुमच्या पोरीबाबत तसं होऊ नये म्हणून जरा लांबण लावतो.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या सांगतो. शाळेत गुण गुणधर्मांच्या संख्येवर मिळणार असतील तर यादी थोडी लांब ठेवावी लागेल, ते सरांना विचारून घ्या. सहावीची मुलगी असती तर मी फक्त विभाज्यतेच्या कसोट्या करायला सांगितल्या असत्या. आठवीत मूळ अवयव काढता आले पाहिजेत. आणि मोबाईल वापरायची परवानगी असली तरी मोबाईलने दिलेलं उत्तर गुणाकार करून ताडून पाहता यावं, इतकी अपेक्षा मी धरतो.

आता मूळ अडचण. त्या यादीत दोन जातींचे गुणधर्म एकत्र मिसळलेत, आणि गोंधळ तिथूनच होतो.

तुमच्याकडे कापूस विकायला नेताना पाहिलं असेल. तोच कापूस किलोत मोजला तर एक आकडा, क्विंटलमध्ये दुसरा, जुन्या लोकांच्या मणात तिसरा. आकड्यात दोन शून्यं आली की तीन, हा मापाचा प्रकार झाला. पण धाग्याची लांबी किती, हे कुठल्याही काट्यावर चढवा, बदलत नाही. ते कापसाचं आहे.

संख्येचंही तसंच. "१ ते ९ अंक क्रमाने येतात" हा आपल्या दशमान लिखाणाचा गुण आहे. हीच संख्या आठाच्या पायावर लिहिली तर ती ७२६७४६४२५ अशी दिसते. क्रम गेला, १ गेला, ३ गेला, ८ आणि ९ हे अंक तर त्या पद्धतीत नसतातच. पण तितक्याच सरक्या समोर ओतल्या आणि त्यांचे तीन सारखे ढीग करायचे म्हटलं, तर ते होतातच. दोन सारखे ढीग होत नाहीत, एक सरकी उरते. हे कुठल्याही लिखाणात खरं राहतं. म्हणून "विषम", "संयुक्त", "न्यून", "वर्ग नाही" हे संख्येचे गुणधर्म. "अंकांची बेरीज ४५", "हर्षद नाही", "दुष्ट" हे लिखाणाचे. पोरीने वहीचं पान मधोमध दुमडून दोन रकाने करावेत. मी तपासणारा असतो तर या दोन रकान्यांनाच सगळ्यात जास्त गुण दिले असते.

या दोन्हींना जोडणारा एक पूल मात्र आहे, तो ९ ची कसोटी. अंकांची बेरीज १ + २ + … + ९ = ४५, आणि ४५ ला ९ ने भाग जातो म्हणून संख्येलाही जातो. असं का? १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १००० म्हणजे ९९९ + १. प्रत्येक स्थानाच्या किमतीतून नऊच्या पटीतला भाग बाजूला काढला की शिल्लक राहतात ते फक्त अंक. त्यांच्या बेरजेला ९ ने भागून जी बाकी येते, तीच मूळ संख्येची बाकी. इथून एक फार सुंदर गोष्ट निघते. १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून ३,६२,८८० संख्या तयार होतात. त्या सगळ्यांच्या अंकांची बेरीज ४५ च, त्यामुळे सगळ्यांना ९ ने भाग जातो. त्यांतली एकही मूळ संख्या असू शकत नाही. एकही भागाकार न करता साडेतीन लाखांहून जास्त संख्यांबद्दल पोरीने निकाल दिला! तिच्या संख्येचं "संयुक्त असणं" हे म्हणजे सगळ्या घराण्याचं लक्षण आहे, ते तसंच लिहावं.

आता अवयव. ९ ने भागल्यावर उरतात १,३७,१७,४२१. याला पुन्हा ३ ने भाग जात नाही, कारण अंकांची बेरीज २६. शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. ७, ११ आणि १३ साठी मी मुलांना एकच युक्ती देत असे, कारण ७ × ११ × १३ = १००१. आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम विसरायचे, उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करायचे आणि आलटून पालटून वजा-अधिक करायचे : ४२१ − ७१७ + १३ = −२८३. आता २८३ ला ७, ११, १३ ने भाग जातो का पाहायचं. कुणानेच जात नाही. एका फटक्यात तिघे बाद.

पण असं एकेक करत गेलो तर पहिला यशस्वी भाजक भेटतो थेट ३६०७ ला. तिथवर पोचायला पाचशेच्या वर मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. कोणत्याही मुलावर मी ही शिक्षा लादणार नाही. इथे पिएर द फर्माची रीत कामाला येते. हा फ्रान्समधल्या तुलूझचा, पेशाने न्यायखात्यातला माणूस. १६४३ साली त्याने २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे ४४०२१ × ४६०६१ असे अवयव याच रीतीने काढून दाखवले होते. कागद आणि लेखणी, एवढंच साधन.

रीत समजायला वावराचं चित्र काढा. समजा एक चौरस वावर आहे, बाजू ३७०५ पावलं. त्याच्या एका कोपऱ्यातून ९८ पावलं बाजूचा चौरस तुकडा विहिरीसाठी काढून दिला. उरलेलं वावर वाकड्या आकाराचं झालं. आता विहिरीच्या तुकड्याला लागून जी ९८ पावलं रुंदीची पट्टी राहिली, तिची लांबी ३७०५ − ९८ म्हणजे ३६०७ पावलं. बाकीचा मोठा आयत ३७०५ लांब आणि ३६०७ रुंद. कागदावर ती पट्टी कापून मोठ्या आयताच्या ३६०७ च्या बाजूला लावली की नीट आयत तयार होतो : एक बाजू ३६०७, दुसरी ३७०५ + ९८ म्हणजे ३८०३. पाठ्यपुस्तकातलं क² − ख² = (क − ख)(क + ख) ते हेच. पोरीकडून हे खरंच जाड कागद कापून करवून घ्या, वहीत चिकटवायला सांगा.

आता हे उलटं चालवायचं. आपल्याला क्षेत्रफळ माहीत आहे, १,३७,१७,४२१. कोणत्या चौरसातून कोणता चौरस काढला, हे शोधायचंय. वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे येतं, म्हणून ३७०४ पासून सुरुवात करू.

३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून आपली संख्या वजा केली की उरतात २१९५. हा वर्ग आहे का? ४६ चा वर्ग २११६, ४७ चा २२०९. नाही.

३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. वजाबाकी ९६०४. आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग!

दुसऱ्याच पायरीला काम झालं. अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. मी पहिल्यांदा हे फळ्यावर केलं तेव्हा मला आधी उत्तर माहीत नव्हतं, आणि ९६०४ पाहून खडू हातातच राहिला होता. इतकी वर्षं झाली, तरी हा वर्ग दिसला की तोच आनंद होतो.

एक खबरदारी सांगायलाच हवी. ही रीत झटपट चालते ती दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतात तेव्हा. ३६०७ आणि ३८०३ यांत अंतर फक्त १९६, म्हणून साधलं. पोरीची मैत्रीण उलटी संख्या, ९८,७६,५४,३२१, घेऊन आली तर तिथे ९ काढल्यावर १७ ने भाग जातो, तोही दोनदा, आणि शेवटी ३,७९,७२१ ही मूळ संख्या उरते. ९ काढून जे उरतं ते सरळ फर्माच्या रीतीने फोडायला गेलात तर जवळचे अवयव नसल्याने वही भरेल. म्हणून माझा क्रम ठरलेला : आधी लहान मूळ संख्यांनी, साधारण पन्नासपर्यंत, भागून पाहायचं. मग वर्गांच्या फरकाच्या आठ-दहा पायऱ्या. त्यातही नाही निघालं तर मोबाईल, आणि मग हाताने गुणाकार करून पडताळा.

दोन संख्या सापडल्या म्हणून काम संपत नाही. ३६०७ आणि ३८०३ खरंच मूळ आहेत का? ६० चा वर्ग ३६०० आणि ६१ चा ३७२१. म्हणजे ३६०७ साठी ५९ पर्यंतच्या १७ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. ३८०३ साठी ६१ धरून १८. पुढे जायची गरज नसते, कारण वर्गमूळाच्या वर एखादा भाजक असेल तर त्याचा जोडीदार खाली भेटलाच असता. दोन, तीन, पाच तर नुसते पाहून सुटतात. उरलेले भागाकार पोरीने स्वतः करावेत आणि बाक्यांचा तक्ता वहीत घालावा. ३६०७ च्या तक्त्यात ७ ला बाकी २, ५३ ला ३, ५९ ला ८ यायला हवी, तेवढं तुम्ही तपासा.

इतकं झालं की पहिल्या रकान्यातलं बहुतेक सगळं आपोआप सुटतं. ३ × ३ × ३६०७ × ३८०३ हे हातात असलं की भाजक मोजायचे : ३ एकदाही नाही, एकदा किंवा दोनदा, हे तीन पर्याय, ३६०७ आहे किंवा नाही, दोन, ३८०३ तसंच, दोन. ३ × २ × २ = १२ भाजक. चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या रेघा छेदतात तिथे, सरकी टोबताना (लावताना) प्रत्येक ओळीत सारख्याच फुल्या याव्यात असं समजा. तर इतक्या सरक्यांचे सहाच आयत होऊ शकतात, आणि त्यांतला चौरसाच्या सगळ्यात जवळचा १०,८२१ × ११,४०९.

"वर्ग नाही" हे दाखवायला वर्गमूळ काढायचीही गरज नाही. वर्ग असता तर प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला असता. ३६०७ एकदाच आलाय. त्याच कारणाने ती घनही नाही, कुठलाच पूर्ण घात नाही.

'न्यून' हा शब्द मुलांना कमीपणाचा वाटतो, म्हणून समजावून सांगा. संख्या सोडून तिच्या बाकीच्या भाजकांची बेरीज करायची. ती संख्येइतकीच आली तर परिपूर्ण, जसे ६ = १ + २ + ३ आणि २८. जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून. ही वर्गवारी निकोमाखस नावाच्या ग्रीक गणितज्ञाने इसवी सन १०० च्या सुमारास लिहून ठेवली. आपल्या संख्येच्या त्या अकरा भाजकांची बेरीज ५,४९,६६,०२७ येते, संख्येच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून न्यून. विषम संख्या बहुतेक न्यूनच असतात. विपुल व्हायला लहान लहान मूळ अवयव भरपूर लागतात. सगळ्यात लहान विषम विपुल संख्या ९४५, तिच्यात ३ तीनदा आहे, शिवाय ५ आणि ७. आपल्याकडे लहान म्हणावा असा एकटा ३, तोही दोनदाच.

आणखी एक गुणधर्म मी आवर्जून घालीन, मोबाईलच्या यादीत असो वा नसो : ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. कोणत्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ येते, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच नसते. आपल्या संख्येची बाकी १ आहे, म्हणजे ही सोपी कसोटी तिला अडवत नाही. इथेच अवयव उपयोगी पडतात. ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा मूळ अवयव विषम वेळा आला, तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज होत नाही, असा नियम आहे. ३६०७ ची बाकी ३, आणि तो एकदाच आलाय. नियमाची सिद्धता आठवीच्या पलीकडची, पण त्याचा वापर पोरीला जमेल. बेरीज होत नसली तरी फरक होतो : ११,११५ चा वर्ग वजा २९४ चा वर्ग. हा गुणाकार-वजाबाकी तिने जरूर करून पाहावी.

आता दुसरा रकाना. लिखाणाचे गुणधर्म म्हटल्यामुळे ते हलके ठरत नाहीत, कारण या वाटेवर आपल्याच मातीतला एक मोठा माणूस आयुष्यभर चालला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ साली डहाणूचा, नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे : सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी हीच संख्या येते. 'हर्षद' हे नाव त्यांनीच दिलं : अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद संख्या. आपल्या संख्येची बेरीज ४५, म्हणजे ५ ने भाग जायला हवा. शेवटी ९ आहे, म्हणून हर्षद नाही. एका ओळीत निकाल.

त्यांची दुसरी कल्पना 'स्वयंभू' संख्यांची. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या येते. जी अशी कुठूनच येत नाही ती स्वयंभू. आपली संख्या स्वयंभू नाही, तिला जन्म देणारी आहे १२,३४,५६,७५३. अंकांची बेरीज ३६, मिळवून पाहा. शोधायला मला चारच प्रयत्न लागले, कारण इथे मिळवायची बेरीज ९ च्याच पटीत असावी लागते : ९, १८, २७ आणि मग ३६. ती ९ च्या पटीतच का, हा प्रश्न पोरीपुढे ठेवा. वर सांगितलेल्या पुलावरून तिला उत्तर सापडेल.

आणि तिसरी, मला सगळ्यात आवडलेली. ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१. चढत जाऊन उतरणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'डेमलो' नाव दिलं, मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनच्या नावावरून. आपल्या संख्येच्या खालचा सगळ्यात जवळचा पूर्ण वर्ग नेमका हाच आहे. पुढचा वर्ग ११,११२ चा, १२,३४,७६,५४४. या दोघांच्या मध्ये आपली संख्या बसते.

'दुष्ट' शब्दाने तुम्ही दचकलात, असं प्रश्नावरून वाटलं. त्यात काही अशुभ नाही. संख्या द्विमान पद्धतीत, फक्त ० आणि १ वापरून लिहिली आणि त्यातले १ सम वेळा आले, की तिला हे नाव देतात. समला इंग्रजीत 'ईव्हन' म्हणतात, त्यावरून 'ईव्हिल' अशी शब्दावर केलेली कोटी आहे. आपल्या संख्येत १ हा अंक १६ वेळा येतो. मराठी वहीत तो शब्द लिहायची गरज नाही, "द्विमान रूपात १ सोळा वेळा" एवढं पुरे.

तर मोबाईलच्या यादीतलं काय ठेवायचं? ज्या नावापुढे पोरीला "कारण" असा शब्द लिहून एक ओळ पुढे लिहिता येते, ते ठेवा. जिथे तिचं पेन अडतं ते सोडून द्या, पुढच्या वर्षी पाहता येईल. माझ्या हिशेबाने डावीकडे सहा-सात आणि उजवीकडे तीन-चार गुणधर्म उरतील. पहिल्या पानावर वावराचा कापलेला कागद चिकटवा आणि खाली ३७०५ व ९८ लिहा. सरांनी "अवयव कुठून आणले" म्हटलं, की तिने वही उघडून ते पान पुढे करावं आणि पट्टी उचलून दुसऱ्या बाजूला लावून दाखवावी. म्हणजे पट्टीला डिंक एकाच टोकाला लावा, हलती राहू द्या.